गारगोटीचा गुण आणि हेलिकॉप्टरची थरथर

अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरीकडे खाणीतल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत चकाकणारे स्फटिक सापडतात. त्यांतील गारगोटीचा स्फटिक योग्य दिशेने दाबला, तर त्याच्या पृष्ठांवर विद्युत्‌भार येतो. हा गुण क्युरी बंधूंनी १८८० साली शोधला. उलट, त्याला वीज दिली तर तो किंचित लांबतो किंवा आखडतो.

याचा हेलिकॉप्टरशी काय संबंध? पुढे उडताना समोर येणाऱ्या पात्याला वारा जोराने लागतो, मागे जाणाऱ्याला कमी. म्हणून प्रत्येक फेऱ्यात पात्याची उचल बदलते. बीके-११७ची चार पाती मिनिटाला सुमारे ३८० फेरे घेतात. म्हणजे सेकंदाला सुमारे २५ हिसके! त्यांनी वैमानिक थकतो, भाग झिजतात.

शिसे, झिर्कोनियम व टायटॅनियम असलेल्या भाजीव पदार्थात हा गुण गारगोटीहून कितीतरी जास्त असतो. त्याच्या चकत्यांची एक सेंटिमीटरची चळत विजेने जेमतेम सेंटिमीटरचा हजारावा भाग लांबते, पण मोठ्या जोराने. तरफेने ती हालचाल वाढवून पात्याच्या मागच्या कडेची झडप हलवतात आणि हिसक्याला उलट हिसका देतात. २००५ साली जर्मनीत अशा झडपांचे बीके-११७ उडाले.

आज घरच्या गॅसच्या लायटरचा खटका दाबून पाहा. बॅटरीवाचून ठिणगी कुठून आली, ते आता तुम्हीच सांगा!