दात बसला, पण पास झाला का?



घरातल्या कुणी इम्प्लांट करून घेतला की आपण एकच विचारतो, "दुखत नाही ना?" नाही म्हटलं की विषय संपला. माझ्या आईच्या वेळी मीही तेच केलं. दात घट्ट, चावायला छान, मग तपासणीला कशाला जायचं? दोन वर्षांनी ब्रश करताना रक्त दिसलं म्हणून एक्स-रे काढला, तर इम्प्लांटभोवतीचं हाड झिजलेलं! दुखलं मात्र एकदाही नव्हतं.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला, बहुधा टायटॅनियमचा स्क्रू. वर दिसतो तो दात म्हणजे त्यावरची कॅप, म्हणजेच क्राउन. स्वीडनमध्ये डॉ. ब्रेनमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. ते चाळीस वर्षं टिकले.

पण 'टिकला' आणि 'यशस्वी झाला' यांत फरक आहे. पटावर नाव आहे म्हणून मुलाला वाचता येतं, असं आपण म्हणतो का? तसंच हे. १९८६ मध्ये आल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी यशाचे निकष मांडले. इम्प्लांट जराही हलता कामा नये. एक्स-रेत त्याच्याभोवती काळी रेघ नको. सततचं दुखणं, जंतुसंसर्ग, बधिरपणा नको. आणि पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी हवी. म्हणजे आपल्या कंपासपेटीतल्या पट्टीवरच्या सगळ्यात लहान घराचा पाचवा भाग! आरशात बघून हे कळणार कसं? म्हणूनच कॅप बसवल्यानंतरचा पहिला एक्स-रे जपून ठेवायचा. पायाभूत चाचणीच घेतली नसेल तर पुढचे गुण कशाशी ताडून बघणार?

कॅपची परीक्षा वेगळी. कॅप हलली की इम्प्लांट गेला असं समजून घाबरू नका, बऱ्याचदा आतला जोडस्क्रू फक्त सैल झालेला असतो. पण चालढकलही नको. चिनी मातीचा थर उडालाय का, शेजारच्या दाताच्या फटीत अन्न अडकतंय का, हेही पाहतात. चावताना कॅपवर जास्त दाब येतो का, ते रंगीत कागद चावायला देऊन तपासतात. कारण खऱ्या दाताच्या मुळाभोवती दाब जाणवून देणारे तंतू असतात, इम्प्लांटला ते नसतात. जास्तीचा दाब आपल्याला सहज कळत नाही.

आईची आता दर सहा महिन्यांनी तपासणी असते. जुना एक्स-रे मी सोबत नेते आणि डॉक्टरांना दोन्ही शेजारी ठेवून दाखवायला सांगते.