निष्ठा कोणाशी?
(शब्बाथ शाळेच्या वरच्या वर्गासाठी पाठ)

वाचन: २ शमुवेल १५:३०–३७, १६:१५–१९, १७:१–१६, मार्क १४:१७–२१.

प्रस्तावना. आपल्या वर्गातील पुष्कळ मुलांनी हॅरी पॉटरची पुस्तके वाचली आहेत. त्यांतील स्नेप नावाचा शिक्षक दोन्ही पक्षांत वावरतो. शाळेचे मुख्याध्यापक त्याला आपला मानतात आणि त्यांचा वैरीही त्याला आपलाच हेर समजतो. सहाव्या पुस्तकात तो मुख्याध्यापकांना ठार करतो. हा खरा कोणाचा, हे कोडे २००७ साली सातवे पुस्तक निघाले तेव्हाच उलगडले. मुलांनी हा विषय काढला तर शिक्षकांनी तो झिडकारू नये. अशा माणसांची गाठ आपल्याला पवित्र शास्त्रात पडते आणि आपल्या इंदूरच्या इतिहासातही पडते.

१. हूशय अर्की. अबशालोमाच्या बंडामुळे दावीद राजा यरुशलेम सोडून निघाला, तेव्हा हूशय फाटक्या वस्त्रांनी व डोक्यात धूळ घालून त्याला भेटला. दाविदाने त्याला परत नगरात पाठविले. अबशालोमाचा चाकर म्हणवून अहीथोफेलाची मसलत मोडायची आणि तेथील बातमी सादोक व अब्याथार याजकांच्या मुलांबरोबर कळवायची, असे हे काम होते. अबशालोमाला संशय आला. हूशयाने उत्तर दिले की, परमेश्वराने व लोकांनी ज्याला निवडले त्याचाच मी. तो कोण, हे त्याने तेथे नाव घेऊन सांगितले नाही. पुढे अहीथोफेलाने बारा हजार माणसे घेऊन त्याच रात्री पाठलाग करण्याचा सल्ला दिला, हूशयाने तो फिरविला आणि दावीद वाचला.

मग खोटे बोलणे चांगले काय, असे मुले विचारतील. शास्त्र येथे घडलेली गोष्ट सांगते, कपटाचा नियम घालून देत नाही, असे त्यांना सांगावे. हूशयाने स्वतःसाठी काही मिळविले नाही, आणि पकडला जाता तर त्याचा प्राण गेला असता, हेही दाखवून द्यावे.

२. तुकोजीराव होळकर. १८५७ साली इंदूरच्या गादीवर दुसरे तुकोजीराव होते. त्यांचे वय बावीस वर्षांचे. १ जुलै रोजी सादत खानाच्या पुढारीपणाखाली होळकरांच्याच सैनिकांनी रेसिडेन्सीवर हल्ला केला. जी शिबंदी व तोफा रक्षणासाठी दिल्या होत्या, त्यांतूनच मारा झाला. इंग्रजांचे प्रतिनिधी कर्नल ड्युरंड तेथून निघून सिहोरला गेले. महाराजांचाच हुकूम आहे असे पुकारत सादत खान आला, असे सांगतात. त्याच रात्री महूची पलटणही उठली.

हे सैनिक इंदुरात आले, तेव्हा राजवाड्यात आश्रयाला आलेले ख्रिस्ती लोक आमच्या हवाली करा, अशी मागणी झाली. ४ जुलै रोजी महाराज स्वतः घोड्यावर बसून त्यांच्या छावणीत गेले आणि त्यांनी साफ नकार दिला. नंतर आश्रितांना त्यांनी महूच्या किल्ल्यात पोहोचविले.

तरीही ड्युरंड यांचा संशय गेला नाही. सैन्य आमच्या हाताबाहेर गेले होते, असे दरबाराचे म्हणणे होते. वाद पुढे पुस्तकांतूनही चालला. १८८६ साली महाराज वारले, तरी तो मिटला नाही. सादत खानाला १८७४ साली फाशी झाली. आज त्याला हुतात्मा मानतात. इंग्रजांशी एकनिष्ठ राहणे हाच गुण होता की नाही, यावरही आता लोकांचे एकमत नाही.

३. यांतून काय शिकावे? हूशयाचे मन शास्त्र आपल्याला आरंभीच सांगते. स्नेप मरताना आपल्या आठवणी हॅरीच्या हाती देतो, म्हणून त्याचेही मन शेवटी कळते. तुकोजीरावांच्या बाबतीत मात्र असे शेवटचे पुस्तक कोणी लिहिले नाही. त्यांच्या मनात काय होते, हे देव जाणतो. आपल्यापुढे आहे ते एक कृत्य: दाराशी आलेल्या निराधारांना त्यांनी शत्रूच्या हाती दिले नाही. एवढे आपण निःसंशय म्हणू शकतो आणि त्याबद्दल कृतज्ञ राहू शकतो.

आपल्या मंडळीतही हे घडते. निवडणुकीच्या वेळी एखादा भाऊ दोन्ही गटांच्या घरी जातो, एखादी बहीण आपल्या अख्रिस्ती सासरी सणाला जाते आणि रविवारी उपासनेलाही येते. लगेच आपण म्हणतो, “याचे दोन्ही डगरींवर हात.” कदाचित तो भाऊ समेट करीत असेल, कदाचित ती बहीण तेथे एकटीच साक्ष देत असेल. ज्याचे मन दिसत नाही त्याचा निकाल आपण देऊ नये. त्याने दुर्बळाला दगा दिला काय, एवढे पाहावे. दगा दिसला तर मात्र तोंडावर व प्रीतीने बोलावे, पाठीमागे नव्हे.

शेवटच्या भोजनाच्या वेळी, तुमच्यातील एक जण मला धरून देईल, असे प्रभूने सांगितले. तेव्हा शिष्यांनी शेजाऱ्याकडे बोट दाखविले नाही. प्रत्येकाने, तो मी तर नाही ना, असे विचारले. निष्ठेची तपासणी तेथूनच सुरू व्हावी.

वर्गासाठी प्रश्न:
१) हूशय व अहीथोफेल या दोघांत दाविदाचा खरा मित्र कोण, आणि ते कशावरून ठरते?
२) आश्रितांना सोपविले असते तर तुकोजीरावांचा कोणता धोका टळला असता?
३) ज्याच्याविषयी आपल्याला संशय आहे अशा एका माणसासाठी या आठवड्यात आपण प्रार्थना कराल काय?