कोळसाखाणीच्या गावातील एक कुटुंबवत्सल स्त्री : बोली, प्रमाणभाषा आणि घर

उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी सांगता येतील :
१. बोली व प्रमाणभाषा यांची निवड कुटुंबात कशी घडते.
२. या निवडीमागे कोणती सामाजिक व आर्थिक कारणे असतात.
३. या निवडीचे नात्यांवर कोणते परिणाम होतात.

प्रस्तावना

मागील पाठात आपण बोली आणि प्रमाणभाषा यांच्यातील भेद सामाजिक प्रतिष्ठेच्या अंगाने पाहिला. ही प्रतिष्ठा प्रत्यक्ष घरात कशी वावरते, हे समजून घेण्यासाठी या पाठात एका स्त्रीचे जीवन अभ्यासावयाचे आहे. त्या म्हणजे इंग्रजी कादंबरीकार डी. एच. लॉरेन्स यांच्या आई लिडिया लॉरेन्स. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यातल्या ईस्टवूड या कोळसाखाणीच्या गावात त्यांचा संसार झाला. त्यांच्याविषयीची बरीचशी माहिती मुलाच्या लेखनातून मिळते. 'सन्स अँड लव्हर्स' (१९१३) या कादंबरीतील मिसेस मोरेल ही व्यक्तिरेखा त्यांच्यावरून घडलेली आहे. तथापि व्यक्तिरेखा आणि व्यक्ती यांतील अंतर अभ्यासकाने सतत ध्यानात ठेवले पाहिजे.

विषय-विवेचन

१. जीवनपट

लिडिया बिअर्डसॉल यांचा जन्म १८५१ साली मँचेस्टर येथे झाला. वडील यंत्र-जोडारी होते. केंट परगण्यातील शीअरनेस येथे त्यांचे बालपण गेले व तेथे त्यांनी काही काळ विद्यार्थी-शिक्षिका म्हणून काम केले. पुढे वडिलांना अपघात झाला, कुटुंबाची स्थिती खालावली आणि नॉटिंगहॅम येथे लेसच्या धंद्यात त्यांना काम करावे लागले. २७ डिसेंबर १८७५ रोजी आर्थर लॉरेन्स या खाणकामगाराशी त्यांचा विवाह झाला. आर्थर लहानपणीच खाणीत उतरले होते. त्यांचे शालेय शिक्षण जेमतेम होते.

१८४२ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये स्त्रियांना जमिनीखालील खाणकामास बंदी होती. त्यामुळे ईस्टवूडमधील स्त्रीचे खाणीशी असलेले नाते घरातूनच येई : पाळीच्या वेळेप्रमाणे स्वयंपाक, पतीच्या स्नानासाठी पाणी तापविणे, कोळशाने माखलेले कपडे धुणे आणि आठवड्याच्या अनिश्चित कमाईत संसार भागविणे. लिडिया यांनी पाच मुले वाढविली. काही काळ घराच्या दर्शनी खोलीत कपड्यांचे छोटे दुकानही चालविले. त्या नियमाने प्रार्थनामंदिरात जात, पुस्तके वाचीत आणि स्त्रियांच्या सहकारी मंडळाच्या कामात भाग घेत.

२. एका घरातील दोन भाषारूपे

आर्थर स्थानिक बोली बोलत. लिडिया प्रमाण इंग्रजी बोलत आणि बोलीचा वापर कटाक्षाने टाळीत. मुले या दोन्ही रूपांमध्ये वाढली.

या भेदाचे एक उदाहरण म्हणजे द्वितीय पुरुषी सर्वनाम. प्रमाण इंग्रजीत 'यू' हे एकच रूप उरले होते. नॉटिंगहॅमशायरच्या बोलीत मात्र 'दाऊ' या जुन्या एकवचनी सर्वनामाची रूपे टिकून होती. मराठीतील 'तू'शी त्याची अंशतः तुलना करता येईल. आपण आईला आणि देवाला 'तू' म्हणतो. तेच 'तू' अनोळखी वडीलधाऱ्याला म्हटल्यास उद्धटपणा ठरतो. त्या बोलीतही हे सर्वनाम जवळिकीचे होते. म्हणून ते नाकारणे म्हणजे केवळ व्याकरणाचा एक पर्याय सोडणे नव्हे. त्या सर्वनामाने व्यक्त होणारी जवळीकही त्याबरोबर दूर राहते.

बोलीचे बळ खाणीतील सहजीवनातून आले होते. अंधारात, धोक्याच्या जागी एकमेकांवर विसंबून काम करणाऱ्या पुरुषांची ती भाषा होती. अशा भाषारूपाला समूहाच्या आत जो मान असतो, त्यास समाजभाषाविज्ञानात 'प्रच्छन्न प्रतिष्ठा' म्हणतात. पीटर ट्रडगिल यांनी नॉरिच शहराच्या अभ्यासात (१९७२) ही प्रतिष्ठा पुरुषांच्या भाषेत विशेष प्रभावी असल्याचे, तर स्त्रियांचा कल प्रमाण रूपांकडे अधिक असल्याचे दाखविले.

३. भाषा : कुटुंबाचे साधन

लिडिया यांच्या भाषिक निवडीला केवळ मिरवण्याची हौस म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्याजवळ संपत्ती नव्हती, पतीच्या वेतनावर अधिकार नव्हता. शिक्षण आणि भाषा एवढीच त्यांची पुंजी होती व ती त्यांनी मुलांसाठी वापरली. त्यांच्या तिन्ही मुलांपैकी एकही खाणकामगार झाला नाही. दुसरा मुलगा अर्नेस्ट लंडनमध्ये कारकून झाला. १९०१ साली तरुण वयातच त्याचा मृत्यू झाला. धाकट्या डेव्हिडला १८९८ साली शिष्यवृत्ती मिळून तो नॉटिंगहॅमच्या शाळेत गेला, पुढे शिक्षक व लेखक झाला.

या यशाची किंमतही होती. प्रमाणभाषा ही आईची, शाळेची आणि उत्कर्षाची. बोली ही वडिलांची, खाणीची आणि म्हणून कमीपणाची, अशी विभागणी घरात झाली. मुले आईच्या बाजूला गेली आणि वडील स्वतःच्याच घरात परके झाले. ९ डिसेंबर १९१० रोजी कर्करोगाने लिडिया यांचे निधन झाले. त्याच्या काही दिवस आधी मुलाच्या पहिल्या कादंबरीची प्रत त्यांच्या हाती पडली होती.

उत्तरायुष्यात लॉरेन्स यांना वडिलांना आपण न्याय दिला नाही, असे वाटू लागले. दरम्यान, आईने घराबाहेर ठेवू पाहिलेली बोली त्यांच्या कथा, नाटके व कवितांमध्ये सामर्थ्याने अवतरली होती. आईने दिलेल्या शिक्षणामुळे ते लेखक झाले. वडिलांच्या बोलीमुळे त्यांच्या पात्रांना आवाज मिळाला. प्रमाणभाषा शिकण्यासाठी बोलीचा त्याग आवश्यक नसतो, प्रसंगानुसार दोन्ही वापरता येतात, हे यावरून स्पष्ट होते.

सारांश

कुटुंबातील भाषेची निवड ही आर्थिक परिस्थिती, प्रतिष्ठा आणि मुलांच्या भवितव्याची काळजी यांतून घडते. लिडिया लॉरेन्स यांनी प्रमाणभाषेच्या आधारे मुलांना खाणीपासून दूर नेले. त्याच प्रक्रियेत मुले वडिलांपासूनही दुरावली. प्रमाणभाषेचे लाभ मान्य करूनही, बोलीला हीन ठरविल्याने ती बोलणारी माणसेच हीन ठरतात, हे विसरता कामा नये.

शब्दार्थ

प्रच्छन्न : झाकलेले, उघड नसलेले.
यंत्र-जोडारी : यंत्रांचे भाग जोडणारा कारागीर.

स्वाध्याय

१. 'प्रच्छन्न प्रतिष्ठा' ही संकल्पना सोदाहरण स्पष्ट करा.
२. लिडिया लॉरेन्स यांच्या भाषिक निवडीमागील कारणांची चर्चा करा.
३. आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्तींच्या बोलीतील दहा शब्द नोंदवा. त्यांपैकी कोणते शब्द आपण घराबाहेर टाळता व का, ते लिहा.