बहिरेपण आणि श्रवणनाडी

निजामशाहीच्या काळीं आपल्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पाणी कसें येई हें येथील विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. कापूरवाडीसारख्या गांवांकडून जमिनीखालच्या खापरी नळांतून तें शहरांतील हौदांत येऊन पडे. आतां अशी कल्पना करूं कीं, एके दिवशीं हौद कोरडा पडला. शहाणा कारागीर प्रथम काय विचारील? उगमाशीं पाणी अडलें आहे, कीं मधला नळच फुटला आहे? हें ठरविल्यावांचून कुदळ मारणें म्हणजे श्रम व पैसा व्यर्थ घालविणें होय. बहिरेपणाविषयींही हाच प्रश्न आधीं विचारावा लागतो. तो न विचारल्यामुळें कित्येक घरीं खोटी आशा धरली जाते, तर कित्येक घरीं खरी आशा सोडून दिली जाते. म्हणून हा विषय येथें थोडक्यांत मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम कानाची रचना पाहूं. ध्वनीच्या लहरी कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्यामागील तीन चिमुकलीं हाडें तो कंप आंत पोंचवितात. तेथें गोगलगायीच्या शंखासारखी एक वळणदार नळी असून तिच्यांत द्रव भरलेला असतो. हिला आपण कर्णशंख म्हणूं. कर्णशंखांतील सुमारें १५,००० सूक्ष्म केशपेशींच्या योगानें कंपाचे विजेचे संदेश बनतात. ते श्रवणनाडीच्या सुमारें ३०,००० तंतूंवरून मेंदूच्या देठाकडे जातात, व तेथून वर मेंदूंत पोंचले म्हणजे आपणांस ऐकूं येतें. सारांश, केशपेशी हा उगम, श्रवणनाडी हा नळ, आणि मेंदूचा देठ हा हौद.

बहुतेक जन्मबधिर मुलांत बिघाड उगमाशीं असतो. नाडी शाबूत असते. त्यांच्यासाठीं कॉक्लिअर इंप्लांट नांवाचें यंत्र आहे. कानामागें लावलेला भाग आवाज टिपून त्याचे संकेत बनवितो, आणि कर्णशंखांत सरकविलेली बारीक तार, निकामी केशपेशींस वगळून, नाडीस विजेनें चेतविते. १९५७ सालीं पॅरिस येथें ज्यूर्नो व एरिएस यांनीं या मार्गावर पहिलें पाऊल टाकिलें. १९७८ सालीं मेलबर्न येथें ग्रॅम क्लार्क यांनीं अनेक विद्युदग्रांचें यंत्र बसविलें. क्लार्क यांचे वडील स्वतः कानांनीं अधू होते. आपल्या महाराष्ट्रांत ही शस्त्रक्रिया रुजविण्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचा मोठा वांटा आहे. २०१४ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

परंतु नाडीच नसेल तर? कांहीं मुलें श्रवणनाडीवांचूनच जन्मास येतात. कांहीं माणसांस एका आनुवंशिक विकारामुळें दोन्ही बाजूंस श्रवण व तोल यांच्या नाडीवर गांठी येतात, आणि गांठ वाढल्यानें किंवा ती काढतांना श्रवणनाडी निकामी होते. अशा वेळीं कर्णशंखांत कितीही उत्तम यंत्र बसविलें तरी तें फुटक्या नळांत पाणी ओतण्यासारखेंच होय.

यावर १९७९ सालीं अमेरिकेंतील लॉस एंजेलिस येथें हाउस व हिट्सलबर्गर या दोघां शल्यविशारदांनीं तोड काढिली. नळ वगळून थेट हौदांतच पाणी सोडावें, तसें त्यांनीं अशाच गांठींनीं पीडलेल्या एका स्त्रीच्या मेंदूच्या देठावरील श्रवणकेंद्राशीं विद्युदग्रें बसविलीं. हेंच ऑडिटरी ब्रेनस्टेम इंप्लांट. पुढें इटलींतील व्हेरोना येथें कोलेत्ती यांनीं नाडीवांचून जन्मलेल्या मुलांवरही हा उपाय योजिला. भारतांत चेन्नईचे डॉ. मोहन कामेश्वरन् यांनीं ही शस्त्रक्रिया केली आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. ही मेंदूजवळची शस्त्रक्रिया असून तिचें फळ सर्वांस सारखें मिळत नाहीं. पुष्कळांस दाराची कडी, गाडीचा भोंगा असे आवाज कळतात, आणि ओठ पाहून बोलणें समजण्यास मदत होते. ओठ न पाहतां नुसत्या आवाजावरून बोलणें समजणारे थोडेच असतात. शिवाय कोणतेंही यंत्र केवळ आवाज देतें. त्या आवाजाचा अर्थ मेंदूस शिकावा लागतो, व तो शिकविण्यास घरच्या माणसांनीं वर्षानुवर्षें खपावें लागतें. भाषा ग्रहण करण्याची मेंदूची शक्ति पहिल्या कांहीं वर्षांत सर्वांत तीव्र असते. म्हणून "पोर मोठें झालें म्हणजे बोलेल" असें म्हणून वाट पाहणें फार महागांत पडतें.

टाळीच्या आवाजास तान्हें मूल दचकत नसेल, तर त्यास विनाविलंब तपासावें. बेरा नांवाच्या तपासणीनें ध्वनीचा संदेश नाडीवाटे मेंदूच्या देठापर्यंत जातो कीं नाहीं हें समजतें, आणि एम.आर.आय.च्या चित्रांत नाडी आहे कीं नाहीं हें दिसतें. मुंबईस वांद्रें येथें १९८३ सालीं स्थापन झालेली अलि यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामांत मार्ग दाखविते. ज्यांस कोणत्याही यंत्राचा उपयोग नाहीं, त्यांनींही निराश होऊं नये. खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे, आणि तींत विद्या संपादितां येते.

आम्हां शिक्षकांसही येथें शिकण्यासारखें आहे. मागच्या बांकावरील एका मुलास "तुझें लक्ष कोठें असतें?" म्हणून आम्ही वर्षभर रागें भरलों. त्यास ऐकूंच येत नव्हतें, हें पुढें कळलें. त्या वर्षाची भरपाई आम्हांस करितां आली नाहीं.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायांत एका बहिऱ्यास लोक प्रभूकडे आणितात. प्रभु त्यास प्रथम गर्दींतून एकीकडे नेतो, आणि मग त्याच्या कानांस हात लावितो. मुलाच्या बहिरेपणाचा विचार करितांना आपणही इतकें तरी करावें: त्यास गर्दींतून बाजूस घ्यावें, आणि त्याची वाट नेमकी कोठें तुटली आहे हें आधीं पाहावें.