गुंगी आणि वेदना
बेंगळुरूच्या वाणीविलाससारख्या स्त्री-रुग्णालयांत क्युरेटिंग ही नित्याची शस्त्रक्रिया होय. ती काही मिनिटांत आटोपते. गुंगीही तेवढीच अल्पकाळ हवी. परंतु निजलेली रुग्णा वेदनामुक्त असतेच असे नाही, आणि औषधांची खरी तुलना येथेच सुरू होते. मिडाझोलाम प्रसंगाची आठवण पुसते, वेदना नव्हे. केटामाइन वेदना शमविते, श्वासही बहुधा अबाधित राखते; तथापि शुद्धीवर येताना भयावह भास होऊ शकतात. डेक्समेडेटोमिडिनचा परिणाम साधण्यास दहाएक मिनिटे लागतात, म्हणजे शस्त्रक्रियेहून तयारीच लांबावयाची! प्रोपोफॉलने मिनिटभरात झोप लागते व जागही लवकर येते. मात्र ते वेदनाशामक नाही. म्हणून त्यास फेंटॅनिलची जोड देतात. दोन्ही औषधे श्वास मंदावतात. फेंटॅनिलला उतारा आहे, प्रोपोफॉलला नाही. तेव्हा प्राणवायू आणि भूलतज्ज्ञ उशाशी असावेच लागतात.