संगणकाची हजेरीवही

शाळेंत हजेरीवही असते. वर्गशिक्षक रोज नांवें पुकारतात. जो आला असेल त्याच्या नांवापुढें एक खूण करतात, न आला असेल त्याच्या नांवापुढें दुसरी. वर्षअखेरीस या खुणांवरून कोण किती दिवस हजर होता हें बिनचूक सांगतां येतें. यांतील एक गोष्ट मात्र सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. ती ही कीं, गैरहजेरी लिहिणारा मनुष्य स्वतः गैरहजर नसतो. विद्यार्थी घरीं राहिला तरी शिक्षक वर्गांत असतात, म्हणूनच ती खूण होते.

संगणकाचें तसें नाहीं. त्याची हजेरी त्याची त्यालाच लिहावी लागते. चालू असेपर्यंत तो लिहितो; बंद पडला कीं त्याची लेखणीही गळून पडते. मग तो केव्हां बंद पडला, किती वेळ बंद होता, आणि त्यास कोणी रीतसर बंद केलें कीं तो एकाएकीं कोसळला, हें मागाहून कसें कळावें? विद्यार्थिमित्रहो, हाच या पाठाचा विषय होय. पालकांसही तो उपयोगी पडेल. कारण दुकानाचा हिशेब, दवाखान्यांतील नोंदी, गृहनिर्माण संस्थेचीं कागदपत्रें आणि फाटकावरील कॅमेऱ्याचीं चित्रें हीं सर्व आतां संगणकाच्याच हवालीं केलेलीं असतात.

संगणक जितका वेळ अखंड चालू असतो त्या काळास अपटाइम, म्हणजे चालू काल, म्हणतात. जितका वेळ बंद असतो त्यास डाउनटाइम, म्हणजे बंद काल, म्हणतात. या दोहोंचा इतिहास पाहण्यासाठीं चित्रांवर बोट ठेवण्यापेक्षां कळफलकावरून आज्ञा टंकणें सोईचें असतें. जेथें आज्ञा टंकावयाची त्या ओळीस कमांड लाइन असें नांव आहे. पुढें दिलेल्या आज्ञांचे उच्चार देवनागरींत लिहिले आहेत. प्रत्यक्ष टंकतांना मात्र रोमन लिपीचीं लहान अक्षरें वापरावीं.

लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रास विचारावयाचा पहिला प्रश्न म्हणजे ‘अपटाइम’ ही आज्ञा. उत्तरादाखल एकच ओळ येते. तींत सध्यांची वेळ, यंत्र सुरू होऊन किती दिवस व किती तास लोटले, किती जण त्यावर काम करीत आहेत, आणि गेल्या एक, पांच व पंधरा मिनिटांत कामाचा सरासरी भार किती होता, इतकी माहिती असते. ‘अपटाइम -एस’ असें टंकलें तर यंत्र कोणत्या तारखेस व किती वाजतां सुरू झालें तेवढेंच मिळतें. ही आज्ञा फार उपयुक्त आहे, परंतु तिची दृष्टि आंखूड आहे. आज सकाळीं केव्हां उठलों हें सांगणाऱ्या मनुष्यास काल रात्रीं घरांत काय घडलें तें ठाऊक नसावें, तसा तिचा प्रकार आहे. इतिहास हवा असेल तर जुनी वही उघडली पाहिजे.

लिनक्सवर ही वही पुष्कळ वर्षांपासून ‘डब्ल्यूटीएमपी’ या नांवाच्या फाइलींत लिहिली जात आली आहे. ती वाचण्यासाठीं ‘लास्ट -एक्स रीबूट शटडाउन’ अशी आज्ञा द्यावी. पडद्यावर ओळी येतात. सर्वांत अलीकडची ओळ वर व जुनी ओळ खालीं असते. जेथें ‘रीबूट’ हा शब्द आहे तेथें यंत्र सुरू झालें. जेथें ‘शटडाउन’ आहे तेथें तें रीतसर बंद झालें. खालून वर वाचीत गेल्यास निरोगी यंत्राच्या वहींत हे दोन शब्द पाळीपाळीनें आले पाहिजेत. यावरून एक सोपा नियम निघतो. दोन ‘रीबूट’ लागोपाठ आले आणि त्यांच्यामध्यें ‘शटडाउन’ नसला, तर त्या दोहोंमध्यें यंत्र आज्ञेवांचून बंद पडलें असें समजावें. येथें न लिहिलेली ओळच सर्वांत अधिक बोलते.

या जुन्या वहींतील कालगणना १९ जानेवारी २०३८ पर्यंतच पुरणारी असल्यामुळें लिनक्सच्या कांहीं नव्या आवृत्त्यांनीं ती सोडून ‘डब्ल्यूटीएमपीडीबी’ ही नवी वही घेतली आहे. तेथें वाचण्याची आज्ञा निराळी असेल. वाचण्याचा नियम मात्र बदलत नाहीं.

आतां कोसळण्याची वेळ कशी काढावी तें पाहूं. मरणारा मनुष्य आपल्या मृत्यूची वेळ रोजनिशींत लिहूं शकत नाहीं. परंतु रोजनिशीचें शेवटचें पान पाहिलें तर तो अमुक वेळेपर्यंत जिवंत होता एवढें निश्चित सांगतां येतें. संगणकाविषयीं हेंच काम ‘जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स’ ही आज्ञा करते. ती प्रत्येक वेळच्या जागेपणाची एक ओळ दाखविते, आणि त्या ओळींत पहिल्या व शेवटच्या नोंदीची वेळ असते. ० हा सध्यांचा जागेपणा, -१ हा त्यापूर्वींचा, -२ हा त्याच्याही पूर्वींचा. एका ओळींतील शेवटच्या नोंदीपासून पुढल्या ओळींतील पहिल्या नोंदीपर्यंतचें अंतर हाच बंद काल. मात्र ही रोजनिशी डिस्कवर कायम ठेवण्याची सोय आधीं केलेली असावी लागते. नाहींतर यंत्र बंद होतांच तीही पुसली जाते.

विंडोज वापरणाऱ्यांसही हीच विद्या उपलब्ध आहे. ‘सिस्टिमइन्फो’ ही आज्ञा यंत्र सुरू झाल्याची वेळ सांगते. इतिहास ‘सिस्टिम’ नांवाच्या नोंदवहींत असून तेथें घटनांस क्रमांक दिलेले असतात. ६००५ म्हणजे नोंदलेखन सुरू झालें, ६००६ म्हणजे तें रीतसर थांबलें, आणि ६००८ म्हणजे मागील वेळीं यंत्र अनपेक्षितपणें बंद पडलें. हा तिसरा क्रमांक यंत्र पुन्हां सुरू झाल्यावर लिहिला जातो, हें ध्यानांत ठेवावें. आणखी एक सावधगिरी जरूर आहे. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून जलद सुरू होण्याची एक युक्ति आली. तिच्यामुळें आपण बंद केलेलें यंत्र पुष्कळदां पुरतें बंद न होतां अर्धवट निजतें, आणि त्याचा चालू काल आहे त्याहून मोठा दिसतो.

शेवटची नोंद आणि प्रत्यक्ष कोसळणें यांमध्यें कांहीं वेळ गेलेला असूं शकतो, कारण निवांत असलेलें यंत्र क्वचितच कांहीं लिहितें. ही उणीव भरून काढण्यासाठीं ‘टपटाइम’ नांवाचा एक छोटा कार्यक्रम मिळतो. तो साधारणतः दर पांच मिनिटांनीं ‘मी जागा आहें’ अशी खूण करून ठेवतो. रात्रीच्या पहारेकऱ्यानें ठरल्या वेळीं हांक द्यावी, आणि हांक आली नाहीं कीं मागल्या हांकेनंतर कांहीं घडलें असें आपण समजावें, तशीच ही योजना आहे. त्यामुळें चूक राहिली तरी ती सुमारें पांच मिनिटांहून अधिक नसते. एकूण चालू काल किती, बंद काल किती, रीतसर बंद होणें किती वेळां व कोसळणें किती वेळां, याची बेरीजही हा कार्यक्रम मांडून देतो.

एक घडलेला प्रसंग घेऊं. सोमवार, ता. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई, ठाणें व नवी मुंबई या परिसरांतील वीज एकाएकीं गेली. कळवा व पडघें या बाजूनें वीज आणणाऱ्या मुख्य वाहिन्यांच्या मार्गांत बिघाड झाला होता. उपनगरी गाड्या जागच्या जागीं थांबल्या, आणि मुंबई विद्यापीठास त्या दिवसाच्या परीक्षा पुढें ढकलाव्या लागल्या. वीज सर्वत्र एकदम आली नाहीं, टप्प्याटप्प्यानें आली. त्या वेळीं चालू असलेल्या पण बॅटरीचा आधार नसलेल्या एखाद्या संगणकाच्या वहींत काय दिसेल? समजा, शेवटची नोंद १० वाजून ३ मिनिटांची आहे, पुढली पहिली नोंद १२ वाजून ४१ मिनिटांची आहे, आणि मध्यें ‘शटडाउन’ नाहीं. बंद काल २ तास ३८ मिनिटें झाला. परंतु वीज २ तास ३८ मिनिटें गेली होती असें त्यावरून म्हणतां येणार नाहीं. कारण ती कदाचित् बारा वाजतांच आली असेल, आणि यंत्राची कळ दाबणारा मनुष्य मागाहून पोंचला असेल. वही यंत्राची आहे, विजेची नव्हे.

हा भेद केवळ पंडितांचा नाहीं. कधीं कधीं त्यावर एखाद्या गरीब मनुष्याची भाकरी अवलंबून असते. समजा, मीरा रोड येथील सिल्व्हर पार्कमधील एका गृहनिर्माण संस्थेच्या कचेरींत एक संगणक फाटकावरील कॅमेऱ्याचीं चित्रें रात्रंदिवस सांठवीत आहे. एके सकाळीं एका सभासदाची सायकल नाहींशी झालेली आढळते, आणि नेमकीं त्याच रात्रीचीं दोन तासांचीं चित्रें नाहींत. कचेरीची किल्ली पहारेकऱ्यापाशीं होती. लोकांच्या तोंडीं लगेच त्याचें नांव येईल, आणि कदाचित् दुपारपर्यंत त्याची नोकरीही जाईल. अशा वेळीं संस्थेच्या चिटणिसानें प्रथम वही उघडावी.

वहींत ‘शटडाउन’ असेल, तर यंत्रास बंद होण्याची आज्ञा मिळाली होती. ती मनुष्यानें दिली असेल. किंवा यंत्राच्या स्वयंचलित दुरुस्तीनें दिली असेल. किंवा यंत्रास यूपीएस जोडलेला असल्यास बॅटरी संपत आली असें पाहून त्यानेंही दिली असेल. नुसती ‘लास्ट’ ही आज्ञा दिली कीं त्या वेळीं यंत्रावर कोणी शिरलेलें होतें कीं नाहीं तेंही कळतें. ‘शटडाउन’ नसेल, तर यंत्र कोसळलें. परंतु वीज गेली, कोणी तार उपटली, कीं यंत्राच्याच पोटांत बिघाड झाला, हें वही सांगूं शकत नाहीं. तिन्ही गोष्टी तेथें सारख्याच दिसतात. म्हणून बाहेरचा साक्षीदार शोधला पाहिजे. उद्वाहन त्या वेळीं थांबलें होतें काय? शेजारच्या इमारतींतील संगणकाच्या वहींतही त्याच मिनिटास खंड आहे काय? असल्यास वीज गेली हें जवळजवळ सिद्ध झालें आणि पहारेकरी संशयांतून सुटला. नसल्यास मात्र संशयाचा पुरावा होत नाहीं. चौकशी पुढें चालविली पाहिजे, एवढेंच त्यावरून ठरतें.

दोन वह्यांची तुलना करतांना दोन्ही घड्याळें बरोबर आहेत ना हें अवश्य पाहावें. संगणक बंद असतां त्याचें घड्याळ नाण्याएवढ्या लहान बॅटरीवर चालतें. ती संपली असेल तर यंत्र जागें होतांच भलतीच तारीख लिहितें, आणि इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत त्याची साक्ष विश्वसनीय नसते.

आतां थोडें गणित. तीस दिवसांच्या महिन्यांत ७२० तास, म्हणजे ४३,२०० मिनिटें असतात. एखादें यंत्र त्या महिन्यांत तीन वेळां बंद पडलें. एकदां २ तास १० मिनिटें, एकदां ४० मिनिटें व एकदां ४६ मिनिटें. एकूण बंद काल २१६ मिनिटें, म्हणजे शेंकडा अर्धा. चालू काल शेंकडा ९९.५ झाला. आंकडा ऐकण्यास मोठा वाटतो. पण त्या २१६ मिनिटांतच सायकल गेली असेल तर त्या घराला शेंकडेवारीचें समाधान नाहीं. म्हणून टक्क्याबरोबर प्रत्येक खंडाची तारीख, वेळ व कारण हींही लिहून ठेवावीं.

शिवाय मोठा चालू काल हा नेहमीं सद्गुणच असतो असें नाहीं. शाळेंतील संगणक रोज सायंकाळीं रीतसर बंद केला जातो. त्याचा चालू काल थोडा, तरी प्रकृति उत्तम. उलट वर्षभर न निजलेल्या यंत्रास पुष्कळदां सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळालेल्या नसतात, कारण त्यांपैकीं कांहीं यंत्र पुन्हां सुरू केल्यावांचून लागू होत नाहींत. २०१५ सालीं अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्यानें बोइंग ७८७ या विमानांविषयीं एक हुकूम काढला. त्यांतील वीजजनित्रांचे नियंत्रक सतत २४८ दिवस चालू राहिले तर त्यांच्या आंतील मोजणी भरून जाऊन विमानाची वीज जाण्याचा धोका होता. म्हणून त्यांस ठराविक मुदतींत एकदां पुरतें बंद करण्यास सांगण्यांत आलें. विश्रांति यंत्रासही लागते, ती अशी.

विद्यार्थ्यांनीं पुढील अभ्यास घरीं करून पाहावा.

१. विंडोज ९५ हें सेकंदाचे हजारावे भाग मोजी, व ४,२९,४९,६७,२९६ इतके भाग झाले कीं ती मोजणी भरून जाई. यामुळें यंत्र अडकून पडतें हें १९९९ सालीं उजेडांत आलें. इतक्या भागांचे दिवस, तास व मिनिटें किती? (उत्तर : ४९ दिवस, १७ तास, २ मिनिटें व सुमारें ४७ सेकंद.)

२. वर्षाचे ८,७६० तास धरून शेंकडा ९९.९ चालू काल असणारें यंत्र वर्षांत किती वेळ बंद असेल? (उत्तर : ८ तास, ४५ मिनिटें, ३६ सेकंद.)

३. घरच्या किंवा शाळेच्या संगणकाची एक आठवड्याची वही वडील माणसांच्या परवानगीनें वाचा. प्रत्येक खंडापुढें ‘रीतसर’ किंवा ‘कोसळलें’ असें लिहा. आणि जेथें कारण समजत नसेल तेथें ‘ठाऊक नाहीं’ असें स्वच्छ लिहा.

या तिसऱ्या अभ्यासांतील शेवटचे दोन शब्द लिहिण्यास सर्वांत कठीण जातात. रिकाम्या जागीं आपल्या मनांतील संशय भरून टाकण्याचा मोह मोठमोठ्यांसही होतो. वही जितकें जाणते तितकेंच तिच्या तोंडून वदवावें, आणि उरलेलें प्रत्यक्ष जाऊन, विचारपूस करून शोधावें. इतकें ज्यास साधलें त्यास या पाठाचें फळ मिळालें असें समजण्यास हरकत नाहीं.