नोकरी सोडण्याआधी एवढं ऐक

पंचेचाळिशीत नोकरीला रामराम ठोकायचा तुझा बेत ताईकडून कळला. ती धास्तावली आहे. मी नाही. २००१ साली मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा मीही तुझ्या त्या पंचेचाळिशीच्याच आसपास होते, आणि घरातल्यांचे चेहरे असेच झाले होते. तेव्हा नको सोडूस असं तुझी मावशी तरी म्हणणार नाही. फक्त हिशेब पक्का कर.

‘दोन कोटी झाले की बास’ म्हणतेस. दोन कोटीच का? हिशेब खर्चाकडून मांडायचा असतो. महिन्याला ६० हजार, म्हणजे वर्षाला ७ लाख २० हजार. त्याच्या पंचवीसपट १ कोटी ८० लाख, वर थोडं जास्तीचं, असं तुझं गणित दिसतं. ते पंचवीसपटीचं गणित अमेरिकेतलं. विल्यम बेंगेन नावाच्या सल्लागाराने १९९४ मध्ये तिथल्या शेअर आणि रोख्यांचे जुने आकडे तपासले. पहिल्या वर्षी चार टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे रक्कम वाढवत न्यायची, तर पैसा तीस वर्षं पुरतो, असा त्याचा हिशेब. पंचेचाळीस अधिक तीस, पंचाहत्तर. आपल्या घरातल्या बायका त्या वयात अजून लोणची घालत असतात. मी तरी पस्तीसपटीच्या खाली हो म्हणणार नाही. म्हणजे अडीच कोटी.

तेही तुझे ६० हजार खरे धरून. मला ते पटत नाहीत. त्यात किराणा, दूध, वीज, मेंटेनन्स, कामवाल्या मावशी एवढंच दिसतं. सोसायटीचं रंगकाम कुठे आहे? लिफ्ट बदलायची म्हणून काढलेली वर्गणी? इन्व्हर्टरची बॅटरी, गाडीचे टायर, दाताचं रूट कॅनाल आणि वर ती कॅप, मामेबहिणीच्या लग्नाचा आहेर, गणपतीत गावी जाणं-येणं? यातलं एकही दर महिन्याला येत नाही, आणि यातलं काही ना काही दर महिन्याला येतंच. तीन वर्षांची बँकेची स्टेटमेंट काढ, कार्डाची बिलं शेजारी ठेव, सगळ्याची बेरीज करून छत्तीसने भाग. जो आकडा येईल तो तुझा महिन्याचा खर्च. तो ८० हजार निघाला तर घाबरू नकोस, पण मग पस्तीसपटही त्याचीच करायची.

आता व्याजाचं. आमच्या वेळी सरकारी बँकांतून हजारोंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मिळालेली रक्कम ठेवीत टाकायची, व्याजावर घर चालवायचं, असा बहुतेकांचा साधा हिशेब. पीपीएफवर १९९९ पर्यंत १२ टक्के मिळत होते. जानेवारी २००० मध्ये ११ झाले, मार्च २००१ मध्ये साडेनऊ, २००३ मध्ये ८. बँकेतल्या ठेवींचे दरही त्याच वाटेने गेले. दहा लाखांवर वर्षाला १ लाख १० हजार धरून बसलेल्याच्या हाती ८० हजारसुद्धा पडेनात, आणि डाळ-तांदूळ काही कोणी स्वस्त केला नाही. मला निदान बँकेचं पेन्शन होतं. तुला तेही नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवर आज ८.२ टक्के मिळतात खरे, पण तिथे साधारणपणे वयाची अट साठ. पंचेचाळीस ते साठ ही पंधरा वर्षं तुझी तुलाच काढायची आहेत.

म्हणून नुसत्या ठेवींवर विसंबू नकोस. महागाई ६ टक्क्यांनी चालली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. आणि सगळं शेअर बाजारातही ठेवू नकोस. जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांवर गेलेला सेन्सेक्स मार्चमध्ये २६ हजारांखाली आला होता. पुढे सावरला, पण ज्याला एप्रिलचा किराणा भरायला त्याच आठवड्यात युनिट विकावी लागली त्याला सावरण्याचा काय उपयोग? तीन वर्षांचा खर्च ठेवीत असू दे, बाकीचं वाढायला सोड. सुरुवातीच्या पाच-सात वर्षांत बाजार पडला तर ते सगळ्यात महागात जातं, हे विसरू नकोस.

कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो. स्वतःची पॉलिसी आजच घे, नोकरी असतानाच. आधीच्या दुखण्यांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तो काळ पगार चालू असताना सरू दे. साखर वाढल्यावर घ्यायला गेलीस तर हप्ता चढा, अटी जास्त.

राजीनाम्याआधी तीन महिन्यांची बिनपगारी रजा मिळते का बघ. पगार नाही असं धरून राहून बघ. पैशाचं कळेलच, पण दुसरंही कळेल. पहिल्याच आठवड्यात फोन सुरू होतील: ‘तू रिकामीच आहेस ना?’ कुणाला स्टेशनवर आणायला जायचं आहे, कुणाच्या सासूबाईंजवळ हॉस्पिटलात बसायला माणूस हवा आहे, कुणाचा हयातीचा दाखला राहिला आहे. मी कॉलनीतल्या निम्म्या पेन्शनरांचे फॉर्म भरून दिले आहेत. आवडीने भरले, तरी मंगळवार आणि शुक्रवार सकाळी अकरा ते एक कुणाच्या बापाला दिले नाहीत. तेव्हा मी सतार शिकत होते. तुझे दोन तास कोणते ते आधी ठरव आणि घरात जाहीर करून टाक. बाईमाणसाला हे जास्त लागू. नवरा घरी बसला तर ‘विश्रांती घेतोय’, बायको बसली तर ‘आता स्वयंपाकाला बाई कशाला?’

कर्जाचं किंवा नव्या क्रेडिट कार्डाचं काही काम असेल तर पगाराची स्लिप हातात असतानाच उरक. आणि पत्र टाकायची घाई करू नकोस. बोनस खात्यावर जमा होऊ दे, मग एप्रिल-मेमध्ये राजीनामा दे. रजेच्या पगारासारखं जे करपात्र हाती येईल ते पगार कमी असलेल्या वर्षात पडतं. मार्चमध्ये सोडलंस तर तेच पूर्ण वर्षाच्या पगाराच्या डोक्यावर चढतं. ग्रॅच्युइटीचा फॉर्म आणि पीएफचं नॉमिनेशन शेवटच्या दिवसावर टाकू नकोस, एचआरमधली तुझ्या ओळखीची मुलगी तिथे आहे तोवर दोन्ही करून घे.